ट्रेलरचा एसी दिवसभर चालतो, पण बेडरूमपर्यंत गारवा पोचत नाही

दूरपल्ला:
मंडळी, गेले दोन उन्हाळे छळणारा प्रश्न आहे, जरा सविस्तर लिहितो.

आमचा २७ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आहे, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर. छतावर एकच एसी, १३,५०० बीटीयूचा (तासाला किती उष्णता काढतो त्याचं माप). त्याच्यापासून छताच्या आतून दोन समांतर डक्ट निघतात, पुढे बेडरूमपर्यंत आणि मागे बंकपर्यंत. छताला एकूण सात गोल व्हेंट. बाहेर ३५ अंशांच्या वर गेलं की सकाळी दहाला सुरू झालेला कॉम्प्रेसर संध्याकाळपर्यंत थांबत नाही. एसीच्या खाली उभं राहिलं तर मस्त गार. बेडरूमच्या व्हेंटखाली मात्र तळहात धरून वारा येतोय की नाही याचा अंदाज घ्यावा लागतो. मुलगी वरच्या बंकवर झोपते, तिची उशी रात्री घामाने ओली झालेली असते. खरं सांगायचं तर त्या उशीमुळेच हा धागा काढला.

दुरुस्तीवाल्याकडे नेला होता. दहा मिनिटं बघून तो म्हणाला, ‘मशीन ठणठणीत आहे, ट्रेलरच्या मानाने लहान पडतंय. १५,०००चं बसवा नाहीतर बेडरूमवर दुसरं घ्या.’ आमचं कनेक्शन ३० अँपिअरचं, म्हणजे दुसरा एसी घेतला तर वायरिंगपासून तयारी. त्या खर्चात पडण्याआधी आहे त्याच मशीनकडून जास्त काम करून घेता येईल का?

गॅरेजातला:
दुसऱ्या एसीचा विचार आत्ता बाजूला ठेवा. आधी तीन आकडे द्या, मग बोलू.

साधा स्वयंपाकघरातला प्रोब थर्मामीटर चालेल. एसी फॅन हायवर ठेवून किमान अर्धा तास चालू द्या. मग (१) छतावरच्या जाळीतून एसी जी हवा आत ओढतो तिचं तापमान, (२) एसीला सर्वांत जवळच्या व्हेंटमधून बाहेर येणाऱ्या हवेचं, (३) बेडरूमच्या व्हेंटमधल्या हवेचं. प्रोब व्हेंटच्या आत दोन इंच जाऊ द्या, बाहेर धरून मोजलं तर खोलीतली हवा मिसळते. आणि कॉम्प्रेसर चालू असताना प्लगमधलं व्होल्टेज बघा. फिल्टर शेवटचा कधी धुतला?

निळीछत्री:
माझ्याकडून वेगळा मुद्दा. बाथरूमवरच्या प्लास्टिकच्या घुमटाकडे लक्ष गेलंय का? आमच्याकडे दुपारी तिथून इतकी उष्णता उतरायची की दार उघडलं की तोंडावर झळ यायची. आतून फोमच्या बोर्डाचा तुकडा मापात कापून घट्ट बसवला. छतावरच्या १४ इंची चौकोनी पंख्यांच्या भोकांनाही तशाच उशा लावल्या. खिडक्यांना चकचकीत पडदा बाहेरून लावता आला तर बाहेरून लावा, कारण आतून लावलात तर ऊन काचेतून आत आल्यावर अडतं आणि काच व पडदा यांमधली हवा तापून खोलीतच येते.

दूरपल्ला:
दोघांचेही आभार. फिल्टर महिन्यापूर्वी धुतला होता, आज परत धुऊन, वाळवून बसवला. आकडे दुपारी दोनचे, बाहेर ३६:

जाळीपाशी २९, जवळचा व्हेंट १७, बेडरूमचा व्हेंट २१. व्होल्टेज ११६.

घुमट आणि पंख्यांच्या उशा उद्याच करतो.

मोजूनमापून:
या आकड्यांत बरंच काही दडलंय. मी इमारतींच्या वातानुकूलनात काम करते, त्यामुळे थोडं हिशेबाने सांगते.

आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला फरक १२ अंश, म्हणजे साधारण २२ फॅरनहाइट. छतावरच्या एसीला १६ ते २२ फॅरनहाइटचा फरक ठीक समजतात. म्हणून तुमचा दुरुस्तीवाला ‘मशीन ठणठणीत’ म्हणाला आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरही आहे. पण फरक म्हणजे थंडावा नव्हे. थंडावा किती मिळाला हे फरक गुणिले हवेचं प्रमाण यावर ठरतं. आमच्या कामात रोज वापरायचं सूत्र असं: दर तासाचे बीटीयू = १.०८ × सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) × फॅरनहाइटमधला फरक. (१.०८ हा आकडा समुद्रसपाटीच्या आसपासचा. उंचावर हवा विरळ, तो कमी होतो.)

आता दोन उदाहरणं घ्या. मिनिटाला ३५० घनफूट हवा, फरक २० अंश फॅरनहाइट: ७,५६० बीटीयू. मिनिटाला २०० घनफूट हवा, फरक २५ अंश: ५,४००. दुसऱ्या ट्रेलरमध्ये व्हेंटखाली हात धरला तर हवा जास्त गार लागेल, तरी ट्रेलर मात्र कमी गार होईल. १३,५०० पैकी उरलेली बरीचशी ताकद हवेतली वाफ पाणी करण्यात जाते, म्हणून हे आकडे पाटीवरच्या आकड्यापेक्षा लहान दिसतात, त्यात काही चूक नाही.

मला जास्त खटकतंय ते १७चे २१ होणं. पंधरा फुटांत चार अंश! डक्ट तापलेल्या छतातून जाते आणि हवा तीतून रेंगाळत जाते, त्यामुळे ती वाटेत तापते. वेगाने गेली असती तर एवढी तापली नसती. तुमची हवा मशीनमधून निघतेय, पण डक्टमध्ये पूर्ण शिरत नाहीये, असा माझा अंदाज.

गॅरेजातला:
मोजूनमापूनताईंशी शंभर टक्के सहमत. मीही हेच लिहिणार होतो. १२० व्होल्टच्या लाइनवर ११६ म्हणजे व्होल्टेज ठीक आहे. १०५च्या खाली गेलं तर मात्र एसी बंद करायचा, कॉम्प्रेसर जळतो.

आता खालचं आवरण उघडा. आधी एसीचा ब्रेकर पाडा, मग ट्रेलरचा मुख्य प्लगही काढा, दोन्ही करा. आत १२० व्होल्टच्या वायरी असतात आणि वरच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहू शकतो, तिकडे हात घालायचं काही काम नाही. जाळी काढली की चार स्क्रूंवर बसलेलं प्लास्टिकचं आवरण निघेल. वर छताला पाडलेलं १४ इंची चौकोनी भोक दिसेल. त्याचे दोन भाग असतात: एका भागातून खोलीतली हवा वर कॉइलकडे (हवा गार करणाऱ्या नळ्या आणि पाती) जाते, दुसऱ्यातून गार हवा खाली येऊन दोन्ही बाजूंना डक्टमध्ये वळते. या दोहोंच्या मध्ये एक पडदी असते. तिच्या चारही कडांवरून बोट फिरवा. फट सापडली नाही तर मला आश्चर्य वाटेल.

दुसरं, भोकाच्या आतल्या बाजू बघा. तिथे छताचं लाकूड किंवा ॲल्युमिनियम आणि फोम उघडा असेल तर एसी खोलीतल्या हवेबरोबर छताच्या पोकळीतली तापलेली हवाही ओढतो.

आणि तिसरं, आरसा आणि टॉर्च घेऊन डक्टच्या तोंडात डोकवा.

दूरपल्ला:
आज सकाळी उघडलं. फोटो टाकतोय, पण आधी लिहितो, कारण फोटोत हाताला काय लागलं ते कळत नाही.

पडदी म्हणजे पांढऱ्या फोमचा एक तुकडा, कोणीतरी घाईत कापून उभा घुसवलेला. वरची कड लोखंडी तळाला टेकतच नव्हती. माझी करंगळी पेरापर्यंत सहज आत गेली आणि ही फट भोकाच्या पूर्ण रुंदीभर. तिच्यावर कधीकाळी चंदेरी टेप लावलेली असणार, ती सुटून वाळलेल्या पानासारखी गुंडाळी होऊन एका कोपऱ्यात लोंबत होती. टेपच्या चिकट बाजूवर लाकडाचा भुसा. म्हणजे कारखान्यात भुसा न पुसताच लावली, ती चिकटली कधी असेलच कशी?

भोकाच्या डाव्या बाजूला फोम आणि प्लायवूडमध्ये पोकळी होती. तिथे हात लावला तर अक्षरशः चटका बसेल इतकं गरम, सकाळचे अकराच वाजले होते. दोन वर्षं आमचा एसी ती हवा ओढत होता.

डक्टची तोंडं पाहून मात्र सर्वांत वाईट वाटलं. मागच्या डक्टचं तोंड कापताना एक पट्टी अर्धवट तुटून तिथेच राहिलेली, तोंडाचा जवळपास तिसरा हिस्सा तिने अडवला होता. मुलीच्या बंककडे जाणारी डक्ट तीच.

आता बंद करायला काय वापरू?

फोमवाली:
दूरपल्ला, मी हेच काम मागच्या वर्षी केलं, म्हणून बारकावे सांगते.

साहित्य: एक इंची कडक फोम बोर्ड, दोन्ही बाजूंना फॉइल असलेला, चांगल्या प्रतीची ॲल्युमिनियम फॉइल टेप, आणि पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. करड्या रंगाची कापडी टेप अजिबात वापरू नका. नावात डक्ट असलं तरी उष्णतेने आणि दमटपणाने तिचा चीक सुटतो. आता टेप लावण्याआधी पुसणं. साठ टक्के काम पुसण्यातच आहे असं समजा. भुसा ब्रशने काढा, मग अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग टेप लावून चमच्याच्या पाठीने दाबून घासा. टेपवरची सुरकुती नाहीशी होईपर्यंत घासायचं.

पडदी जुनी फेकून नवी करा. पुठ्ठ्याचा साचा आधी कापा, तो बसतो का बघा, मग फोम कापा. मी साचा चार वेळा कापला. वरचा तळ सरळ नसतो, त्याला उंचवटे असतात. पडदी किंचित मोठी, दाबून बसेल अशी. मग दोन्ही बाजूंनी टेप.

भोकाच्या बाजूंनाही फोमची अस्तरं लावून सांधे टेपने बंद करा, म्हणजे एसीला फक्त खोलीतली हवा मिळेल.

पुढची गोष्ट फार कमी लोक करतात आणि फरक तिथे सर्वांत जास्त पडतो. पंख्यातून हवा सरळ खाली येते आणि आवरणावर आपटते. तिथून तिला काटकोनात वळून डक्टमध्ये जायचं असतं. तिथे नुसती घुसळते, जोर तिथेच संपतो. म्हणून डक्टच्या तोंडापाशी वळण तयार करा. मी पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा बाटलीभोवती वाकवून गोलाई आणली आणि त्यामागे फोमचे तुकडे भरले. हवा घसरगुंडीवरून गेल्यासारखी वळून डक्टमध्ये जाते.

गॅरेजातला:
फोमवालींनी उत्तम लिहिलंय. त्यात दोन सावधगिरीच्या सूचना.

कॉइलच्या पात्यांत खोचलेली एक बारीक वायर दिसेल, टोकाला पेन्सिलीएवढा सेन्सर. कॉइलवर बर्फ धरला की तो कॉम्प्रेसर थांबवतो. टेप लावताना तो ओढला गेला, तर जसा होता तसाच परत खोचा. सेन्सर नुसता लोंबत राहिला तर बर्फ धरेल आणि मशीनला कळणारही नाही.

दुसरं: छतावर चढून एसीच्या तळाभोवती सीलंटचा थर देऊ नका. हे मी नेहमी बघतो. छत आणि एसी यांमध्ये फक्त फोमची गॅस्केट असते आणि ती आतून चार बोल्टनी दाबलेली असते. कॉइलवरचं पाणी तळाच्या खाचांतून छतावर वाहून जायचं असतं. बाहेरून सीलंट मारला की ते अडतं आणि गॅस्केटवरून आत उतरतं. बोल्ट सैल असतील तर चारही थोडे थोडे, आळीपाळीने आवळा, गॅस्केट साधारण अर्ध्या इंचापर्यंत दाबली गेली की पुरे.

वाटसरू१२:
एवढ्या खटाटोपापेक्षा सॉफ्ट स्टार्ट बसवा ना. आम्ही बसवला, एसी झकास चालतोय. आणि समोरचे दोन व्हेंट बंद करा, हवा आपोआप मागे ढकलली जाईल.

मोजूनमापून:
वाटसरू, सॉफ्ट स्टार्टमुळे कॉम्प्रेसर सुरू होतानाचा करंटचा झटका खूप कमी होतो. लहान जनरेटरवर एसी चालवायचा असेल तर तो जरूर घ्यावा, मीही सुचवेन. पण एकदा सुरू झालेला कॉम्प्रेसर तेवढाच थंडावा देतो. हवेच्या वाटेशी त्याचा संबंध येत नाही.

व्हेंट बंद करण्याबद्दल मात्र थांबवते. एखादा अर्धा बंद करून तोल साधणं ठीक. दोन-तीन पूर्ण बंद केले की एकूण हवा कमी होते, कॉइल जास्त थंड पडते, दमट दिवशी बर्फ धरतो आणि मग कुठेच हवा येत नाही. फट असताना तर हा धोका दुप्पट, कारण बाहेर पडायला अडलेली गार हवा पडदीवरून परत कॉइलवरच जाते.

वाटसरू१२:
हं, बर्फाचा अनुभव आम्हालाही आलाय गेल्या महिन्यात. व्हेंट बंद होते तेव्हा. हे असं असेल हे डोक्यात आलं नव्हतं. आज उघडतो सगळे.

दूरपल्ला:
काम झालं. पूर्ण शनिवार आणि रविवारचा अर्धा दिवस गेला.

लाकडाची ती पट्टी धारदार चाकूने कापून काढली, कडा टेपने गुळगुळीत केल्या. नवी पडदी बसवायला सर्वांत जास्त वेळ लागला, साचा माझाही तिसऱ्या खेपेला बसला. वळणं केली. शिवाय सातही व्हेंटच्या प्लास्टिकच्या कड्या खाली काढून पाहिल्या. डक्ट आणि छताचा पातळ पत्रा यांमध्ये प्रत्येक ठिकाणी अर्ध्या बोटाची फट. म्हणजे गार हवा व्हेंटच्या तोंडाशी येऊन छताच्या पोकळीत जात होती! ते सातही सांधे टेपने जोडले.

आज दुपारी दोनला, बाहेर ३५ असतानाचे आकडे: जाळीपाशी २५, जवळचा व्हेंट १४, बेडरूम १५.५.

फरक १२चा ११ झाला म्हणून आधी मन खट्टू झालं, मग मोजूनमापूनताईंचा हिशेब परत वाचला आणि बेडरूममध्ये जाऊन उभा राहिलो. छतावरून येणारी हवा केस हलवतेय. पावणेचारला कॉम्प्रेसर थांबला. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो, कारण भर दुपारी ती शांतता आम्ही या ट्रेलरमध्ये कधी ऐकलीच नव्हती. एक प्रश्न उरलाय. बंकचा व्हेंट सुधारला, पण बेडरूमइतका नाही.

फोमवाली:
वा! वाचून फार बरं वाटलं.

बंकसाठी: शेवटच्या व्हेंटच्या पुढे डक्ट कुठवर जाते ते बघा. छत बनवताना डक्ट बऱ्याचदा ट्रेलरच्या टोकापर्यंत नेलेली असते आणि शेवटचा व्हेंट त्याच्या दोन-तीन फूट अलीकडे असतो. पुढची डक्ट आंधळी. हवा आधी तिथे जाऊन आपटते. व्हेंटच्या भोकातून हात घालून, व्हेंटच्या जेमतेम पुढे फोमचा ठोकळा आडवा बसवा, जरा तिरका, म्हणजे हवा खाली वळेल. बाजूंना टेप.

दूरपल्ला:
बरोबर निघालं. मागे जवळजवळ तीन फूट आंधळी डक्ट होती, टोकाला नुसती टेप, तीही अर्धी सुटलेली. ठोकळा बसवला. कागदी रुमालाची पट्टी व्हेंटला बांधून ठेवलीय, आधी ती सरळ लोंबायची, आता तिरकी फडफडते. मुलीने ती काढू दिली नाही.

पावसाळी:
धागा वाचतेय पहिल्यापासून. आमच्या ट्रेलरला डक्टच नाहीत, एसी थेट खालीच हवा सोडतो, १६ फुटी आहे. अडचण अशी की हवा अति दमट असते आणि रात्री दोन-तीन तासांनी वारा मंदावतो. सकाळी कॉइलवर बर्फ. डक्ट नसल्याने यातलं काही लागू पडतं का?

मोजूनमापून:
पडदीचा भाग जसाच्या तसा लागू पडतो. तुमच्यात ती फट असेल तर आत्ताच निघालेली गार हवा लगेच परत ओढली जाते, कॉइलला गार हवाच पुन्हा मिळते आणि बर्फ धरतो. आधी तेच बघा. मग फिल्टर: मूळ जाळीच्या जागी दाट फिल्टर लावला असेल तर काढा, त्यातून हवा पुरेशी जात नाही. कॉइलच्या पात्यांवर केस, धूळ असेल तर मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने साफ करा, आडवा ब्रश मारला तर पाती वाकतात. आणि रात्री फॅन लोवर ठेवत असाल तर हायवर ठेवून बघा.

आत्ता बर्फ असेल तर कॉम्प्रेसर बंद, फक्त फॅन हायवर. पूर्ण वितळेपर्यंत थांबा, खरवडू नका.

एक मात्र फॅनबद्दल. कॉम्प्रेसर थांबल्यावरही फॅन सतत चालू राहिला तर कॉइलवरचं पाणी परत हवेत जातं. तुमच्याकडे आधीच दमट, तेव्हा सेटिंग ऑटोवर ठेवा म्हणजे दोन्ही एकत्र थांबतील.

पावसाळी:
फॅन लोवरच असायचा, आवाज नको म्हणून. आणि आवरण उघडलं तर पडदी आहे, पण एका बाजूला अंगठाभर सरकलेली. टेप आणायला निघालेय. दूरपल्ला, तुम्हाला एकूण किती लागली?

दूरपल्ला:
आम्हाला दोन मोठी रोल लागली, सात व्हेंटमुळे. तुम्हाला एकात होईल. पण अल्कोहोल आणि पुसायची फडकी आधी घ्या, आणि चमचा घरातून न्या. चिकटवल्यावर लगेच एसी लावू नका, आम्ही रात्रभर तसंच ठेवलं होतं.